गादीच्या दुकानावरची बोट

म्हाळसानं समुद्र जन्मात एकदाच पाहिला. मुंबईच्या गोदीत, लोखंडी जाळीच्या अलीकडून, तोही बोटीच्या कडेनं दिसला तेवढाच टीचभर. तरी आज भवानीनगरच्या आसपास कुणालाही विचारा, सांगतील की वाडीची म्हाळसा नवऱ्याबरोबर बोटीनं सगळं जग फिरून आली. हे असं कसं झालं ते ऐकण्यासारखं आहे. ऐकून बरं वाटेल असं मात्र नाही.

त्यांचा मुलगा रविराज बोटीवर आचारी होता. साधीसुधी बोट नव्हे. गोरे म्हातारे-म्हाताऱ्या चार-चार महिने बसून जगाला वळसा घालतात, तसली. नोकरीत काही वर्षं झाली की कंपनी आईबापांना एकदा फिरवून आणते म्हणे. शहाण्णव साल सरता सरता ती बोट मुंबईला लागणार होती. रविराजनं कळवलं, आणि म्हाळसाच्या नवऱ्याचे, बापूसाहेबांचे, पाय जमिनीवर ठरेनात.

बापूसाहेब साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातला पहिला पगारी माणूस. थोरला भाऊ गेणबा मेंढरं राखत राहिला म्हणून आपल्याला शाळा बघायला मिळाली, हे ते स्वतः चारचौघांत सांगत. माणूस मनाचा वाईट नव्हता. मिरवायची हौस तेवढी भारी. बोटीचं कळल्यापासून पारावर दुसरा विषय नाही. कुठला देश आधी, कुठला नंतर, बोटीवर पोहायचा तलाव केवढा, जेवायला किती ताटं, सगळं तोंडपाठ. ऐकून ऐकून वाडीलाच चेव चढला आणि सत्कार ठरला. फेटा, शाल, नारळ, ताशा, रस्त्यावर कापडी फलक. भाषणं झाल्यावर गेणबा पुढं आला आणि त्यानं भावाच्या हातात एक घोंगडी ठेवली. काळी, जाड, घरच्या मेंढरांच्या लोकरीची.

"पाण्यावर गारठा असंल," तो म्हणाला. गेणबाला बोलायचं अंगच नव्हतं.

मुंबईत बोटीच्या डॉक्टरनं बापूसाहेबांच्या छातीला यंत्र लावलं, कागदावरच्या रेघा बघितल्या आणि मान हलवली. हृदय बरं नाही. भर समुद्रात काही झालं तर जबाबदारी कुणी घ्यायची? रविराजनं हातापाया पडून पाहिलं, पण उपयोग झाला नाही. बोट गेली, तिच्याबरोबर रविराजही गेला, आणि हे दोघं नव्याकोऱ्या दोन सुटकेस घेऊन गोदीच्या फाटकाबाहेर उभे राहिले.

खरं सांगायचं तर म्हाळसाला सुटल्यासारखं वाटलं. तिला पाण्याचं पहिल्यापासून भ्याच होतं.

"चला, जाऊ घरी," ती म्हणाली.

"घरी?" बापूसाहेब म्हणाले. "कुठल्या तोंडानं? फलक अजून खाली उतरला नसंल."

दौंडवरून रेल्वेनं ते बारामतीला आले ते थेट रसूलभाईंकडं. रसूलभाई पूर्वी कारखान्याला ऊस वाहणारा ट्रक चालवायचे, आता स्टँडमागच्या रस्त्याला त्यांचं गादीचं दुकान होतं. खाली कापूस पिंजायचं यंत्र, वर एक खोली. चार दिवस राहतो, असं बापूसाहेब म्हणाले. पाचव्या दिवशी म्हाळसानं पिशव्या भरायला घेतल्या तर म्हणाले, "कुठं निघालीस?"

"वाडीला. चार दिवस झालं की."

"बोट चैत्रात परत येती," ते म्हणाले. "तवा जायाचं."

म्हाळसाला आधी थट्टाच वाटली. मग त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि ती मुकाट्यानं पिशव्या रिकाम्या करायला लागली. हा तिचा पहिला मूर्खपणा, असं ती पुढं कैकदा स्वतःला म्हणाली.

असा त्यांचा बोटीवरचा संसार सुरू झाला. खोलीची खिडकी रस्त्यावर, आणि रस्ता इंदापूरकडं जाणारा. वाडीची माणसं बाजाराला, दवाखान्याला, पोरांच्या कॉलेजाला ह्याच रस्त्यानं येणार. म्हणून खिडकी कायमची बंद. दार लोटलेलं. खालचं यंत्र सुरू झालं की जिन्यातून कापूस वर यायचा आणि केसांवर, भाकरीच्या पिठावर, पाण्याच्या घागरीवर बसायचा. घोंगडीवर तर असा चिकटायचा की निघता निघायचा नाही. बापूसाहेब अंधार पडल्यावर गमछा तोंडाला गुंडाळून कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचे. म्हाळसा तेवढीही जायची नाही. खालून रसूलभाईंची बायको सायराबानू भाजी द्यायला वर यायची आणि दारातूनच विचारायची, "वहिनी, आज कुठलं बंदर?"

पहिल्यांदा म्हाळसा हसायची. बापूसाहेब मात्र खरंच सांगायचे. आज बोट सिंगापूरला लागली असंल. आता दोन दिवस नुसतं पाणी. आता घड्याळ एक तास पुढं घ्यायचं. एकदा तर त्यांनी खरोखरच भिंतीवरचं घड्याळ पुढं केलं आणि म्हाळसा बोलली तसे तिच्यावरच डाफरले. त्या दिवसापासून तिला हसू येईना. मेंढरांमागं चालत ती घाट उतरली होती, उघड्यावर बाळंत झाली होती, पण असं कोंडून कधी राहिली नव्हती. जिथं जाईल तिथं माणूस निदान मोठ्यानं बोलायचा. इथं शिंकायचीसुद्धा चोरी.

महिना झाल्यावर बापूसाहेबांना वाटलं की एवढ्या मोठ्या प्रवासातून एखादा फोन तर गेला पाहिजे. नाहीतर लोक काय म्हणतील? वाडीत फोन एकच, दूध डेअरीत. सकाळी गेणबा दूध घालायला तिथं असतोच. दोघं भल्या सकाळी तोंडं झाकून स्टँडजवळच्या एसटीडी बूथमध्ये शिरली. फोन लागला. गेणबा आला.

"दादा, मी बापू. बोटीवरनं बोलतोय. आत्ता ऑस्ट्रेलियाजवळ हाय बघा."

म्हाळसानं कान जवळ नेला होता. गेणबाचा आवाज लांबून आल्यासारखा. "बरा हायस न्हवं? म्हाळसा बरी हाय?"

"झ्याक. नुसतं पाणी चौफेर."

आणि नेमकं तेव्हा स्टँडवरचा भोंगा बोलायला लागला. बारामतीहून भवानीनगरमार्गे इंदापूरला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे, प्रवाशांनी... बापूसाहेबांनी फोनवर हात दाबला, पण भोंगा दोनदा बोलला.

मग गेणबानं विचारलं, "बापू, तितं आपलं कोण पावणं हाय का?"

"न्हाय ओ दादा. हितं कुठलं पावणं?"

"बरं," गेणबा म्हणाला. "तब्येतीला जप. घोंगडी वापरत जा."

बाहेर आल्यावर बापूसाहेब म्हणाले, "त्याला काय ऐकू गेलं न्हाय. तसाबी एका कानानं कमीच ऐकतो." थोरल्या दिराला लांबच्या माळावर कोकरू ओरडलं तर कुणाचं ते कळायचं, हे म्हाळसानं डोळ्यांनी बघितलं होतं.

जानेवारी संपता संपता रसूलभाई दुपारचे वर आले. नेहमी जिन्यातूनच हाक मारणारा माणूस, आज येऊन खाली बसला. मग म्हणाले, "बापूराव, गेणबा तात्यांना दवाखान्यात आणलंय. हितंच, बारामतीत. दोन गल्ल्या सोडून. लकवा मारलाय, बोलणं अडखळतंय. पर माणूस वळखतात."

म्हाळसा तशीच उठली. पदर डोक्यावर घेतला, चपला पायात घातल्या आणि दारात जाऊन उभी राहिली. बापूसाहेब जागचे हलले नाहीत.

"उठा की," ती म्हणाली.

"कसा उठू? मी समुद्रात हाय."

"अवं, काय बोलताय हे?"

"तितं निम्मी वाडी बसली असंल. मी गेलो की इचारतील, आलास कुठनं? काय सांगू? गादीच्या दुकानातनं?"

"सांगा. हसतील चार दिस. हसून मरत न्हाय कोण."

"तुला काय हाय," ते म्हणाले. "फेटा मला बांधला व्हता."

म्हाळसाचा राग उफाळला. ज्याच्या जिवावर तुम्ही शिकलात तो दोन गल्ल्या पलीकडं पडलाय, असं ती तोंडावर म्हणाली. लग्नाच्या इतक्या वर्षांत ती नवऱ्याला असं कधी बोलली नव्हती. रसूलभाई मान खाली घालून बसले होते. "मी संगं येतो बापूराव," ते हळूच म्हणाले. "मी सांगतो लोकांना कायतरी."

शेवटी बापूसाहेब निघाले. रसूलभाईंची गोल टोपी घातली, तोंडाला गमछा गुंडाळला. म्हाळसाला म्हणाले, मी बघून येतो, मग तुला नेतो. ती दारात बसून राहिली. परत आले तेव्हा ऊन अजून होतं. म्हणजे फार वेळ झालाच नव्हता.

"भेटलात?"

ते खाटेवर बसले. "फाटकापर्यंत गेलो. झाडाखाली वाडीचा आप्पासाहेब बसला व्हता, समदी व्हती. वहिनी नळावर कापडं पिळत व्हत्या. तितनंच फिरलो." मग भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "उद्या जाऊ. उद्या माणसं कमी असतील. उद्या नक्की, म्हाळसे. तुझी आण."

म्हाळसानं एकटीनं जायला हवं होतं. हे तिला त्याच क्षणी कळत होतं. पण एकटी गेली असती तर नवऱ्याची अब्रू तिनं वेशीवर टांगली असती, आणि एवढ्या वर्षांत तिचे पाय तसे चालायला शिकलेच नव्हते. ती बसून राहिली. हा तिचा दुसरा मूर्खपणा, आणि हा तिनं स्वतःला कधी माफ केला नाही.

सकाळी रसूलभाई वर आले ते जिन्यातच थांबले. म्हाळसानं त्यांचे अडखळलेले पाय ऐकले आणि तिला समजलं.

गेणबाला वाडीला नेलं ते खालच्याच रस्त्यानं. दुसरा रस्ताच नाही. म्हाळसानं खिडकी बोटभर उघडली. टेम्पोच्या मागच्या फळीवर प्रयागबाई, तिची थोरली जाऊ, बसली होती, उघड्या डोक्यानं, एका हातानं नवऱ्याला धरून. रस्त्यात हातगाडी आडवी आली म्हणून टेम्पो दुकानासमोरच थांबला. म्हाळसाला जावेच्या हातातल्या बांगड्यांचा रंगसुद्धा दिसला. तिनं पदर तोंडात कोंबला. माणूस गेलं की बाईनं हंबरडा फोडायचा असतो, नाहीतर ते रडणं आतच कुजतं. तिला तेवढंही मिळालं नाही. बापूसाहेब तिच्या मागं उभे होते. टेम्पो हलला, वळणावरून दिसेनासा झाला, तरी ते तिथंच.

"मातीला तरी चला," ती म्हणाली. "अजून गाठंल."

त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. आता तर आणखीच अवघड झालं होतं. कालपर्यंत नुसती फजिती होती. आता पापच होऊन बसलं होतं.

त्या दुपारी ते आरशासमोर उभे राहिले आणि मिशीवरून बोट फिरवत राहिले. भाऊ गेला म्हणजे डोकं-मिशा उतरायच्या. पण समुद्रातल्या माणसाला भाऊ गेल्याचं कसं कळणार? चैत्रात वाडीत उतरताना डोक्यावर खुंट दिसले तर? त्यांनी वस्तरा हातात घेतला आणि परत ठेवला. दहाव्याला रसूलभाई वाडीला जाऊन आले. बापूसाहेबांनी एकच विचारलं, "पिंडाला कावळा थांबला का?"

"न्हाय," रसूलभाई म्हणाले. "ठेवल्या ठेवल्या शिवला."

भाऊ वाट बघत थांबला नाही, एवढंच बापूसाहेबांना त्यातून समजलं. त्यानंतर त्यांनी बोट कुठं आली ते सांगणं बंद केलं. सायराबानूनंही बंदर विचारणं सोडलं. भिंतीवरचं घड्याळ तसंच पुढं राहिलं, ते मागं घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

चैत्र आला. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी म्हाळसाला समोर बसवून शिकवलं. "तुला काय म्हाईत न्हाय. उतरलो की हसत उतरायचं. आणि इचारायचं, दादा कुठं दिसंनात?"

"हे माझ्याच्यानं व्हणार न्हाय."

"मग मी इचारतो. तू गप ऱ्हा."

तीच इंदापूरची गाडी, तोच भोंगा. फाट्यावर उतरली तर चार माणसं सामान घ्यायला धावली, पण कुणी मोठ्यानं बोलेना. घराच्या पायरीवर प्रयागबाई बसली होती. कपाळ पांढरं, हात मोकळे. म्हाळसानं नजर पायाकडं लावली. आणि बापूसाहेब, जगाची फेरी मारून आलेला माणूस, हातात सुटकेस घेऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा कुठं दिसंना?"

म्हाळसाला वाटलं, भुई फाटावी आणि ह्या माणसाला नाही, मला पोटात घ्यावी.

प्रयागबाई त्यांच्याकडं बघत राहिली. मग हळू म्हणाली, "दादा गेलं, भावजी. तुमी पाण्यावर व्हता."

तेव्हा म्हाळसाचा हंबरडा फुटला. दोन महिन्यांचा साठलेला. बायका धावल्या, म्हणाल्या, बिचारीला आत्ता कळलं. तिला धरायला प्रयागबाई स्वतः उठली. म्हाळसाच्या खांद्यावरची घोंगडी तिनं उतरवून घेतली आणि मांडीवर ठेवली. काळ्या लोकरीत कापसाचे पांढरे पुंजके अडकलेले, जागोजाग. निघताना झाडायचं दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. भोवती बायका बसलेल्या. प्रयागबाईनं एक पुंजका उपटला, मुठीत धरला. मग दुसरा. कुणाकडं न बघता ती सगळी घोंगडी साफ करत बसली, आणि मूठ भरली तशी कनवटीला खोचत गेली.

न्हावी आला. बापूसाहेब अंगणात पाटावर बसले, डोकं-मिशा उतरल्या, डोक्यावर पाणी घेतलं. घरात चुलीपुढं दोघी जावाच उरल्या तेव्हा म्हाळसानं तिचे पाय धरले.

"आक्का, मला जोड्यानं मारा."

"ऊठ," प्रयागबाई म्हणाली. "त्यांना फोनवरच कळलं व्हतं. इंदापूरच्या गाडीचा पुकारा ऐकला त्यांनी. घरी येऊन मला म्हणालं, बापू बारामतीत हाय, कुणाला बोलू नगंस, लाज वाटती त्याला." तिनं चुलीत लाकूड सारलं. "अंगावरनं वारं गेलं तवा पोरं इंदापूरला न्याय निघाली व्हती. ह्यांची जीभ वळत न्हवती, तरी सारखं बारामती, बारामती. हट्टच धरला. तितं नेल्यावर खाट दाराकडं तोंड करून घ्याया लावली."

म्हाळसानं तिचे पाय सोडले नाहीत.

"शेवटच्या सांजला म्हणालं, आला न्हाय तर न्हाय. आल्यावर त्याला काय इचारू नका. बोटीचं सांगंल ते समद्यांनी बसून ऐका. पोराला हौस हाय." प्रयागबाईनं डोळे पुसले नाहीत. "कावळा म्हणूनच थांबला न्हाय बघ. त्यांचं मन कशात अडकलंच न्हवतं. माझं अडकलंय."

हे बापूसाहेबांना सांगावं, आत्ता बाहेर जाऊन त्यांच्या उघड्या टाळक्यावर ओतावं, असं म्हाळसाला रागानं वाटलं. मग त्यांच्या काळजाच्या त्या रेघा आठवल्या. ती चहा घेऊन बाहेर गेली.

संध्याकाळी अंगणात माणसं बसली. दुःखाचं घर, कुणाला विषय काढवेना. प्रयागबाईच उंबऱ्यात येऊन बसली आणि म्हणाली, "सांगा भावजी. बोट कशी हाय?"

बापूसाहेबांनी वर पाहिलं. पारावर महिनाभर जे तोंडपाठ म्हणत होते त्यातलं त्यांना काही आठवेना. तलाव नाही, देश नाही, ताटं नाहीत.

"खोली बारकी असती," ते म्हणाले. "खिडकी उघडायची न्हाय. खाली यंत्र असतंय, दिसभर घरघरतंय. घड्याळ आपलं नसतंय, पुढंच पळतंय. समदीकडं पांढरं... पाणी न्हवं, पांढरंच. तोंडात जातंय, जेवणात जातंय. माणूस दिसंल ते आपलं नसतंय. आपलं दिसलं तर बोलाया येत न्हाय."

लोक माना डोलवत होते. समुद्र असाच असणार. म्हाळसा खांबाला टेकून उभी होती, आणि तिला वाटलं की चार महिन्यांत हा माणूस पहिल्यांदा खरं बोलतोय.

आप्पासाहेब पुढं सरकला. "आन् किनारा? किनारा दिसायचा का मधी कधी?"

"दिसायचा," बापूसाहेब म्हणाले. तुळतुळीत डोक्यावरून त्यांनी एकदा हात फिरवला. "एकदा तर अगदी जवळ आला व्हता. दोन गल्ल्या..." ते थांबले. "हाकंच्या अंतरावर. माणसंबी दिसत व्हती. उतरलो न्हाय."

"का बरं?"

बापूसाहेबांनी गमछा तोंडाला लावला. कुणीतरी म्हणालं, दमलेत, आता पुरे, उद्या ऐकू.

प्रयागबाईनं पाण्याचा तांब्या भरून त्यांच्यापुढं ठेवला.

"सांगा भावजी," ती म्हणाली. "ह्यांना ऐकायचं व्हतं."